मावशीच्या आवाजाची फाइल

"परत तेच," मनी म्हणाली.

पडद्यावर नवव्यांदा लाल अक्षरं उमटली होती : डाउनलोड अयशस्वी.

ताई आणि गुंड्या ही भावंडं सुट्टीत मावशीकडे, मावसबहीण मनीच्या घरी आली होती, पण यंदा घर नुसतं सुन्न होतं. तीन आठवड्यांपूर्वी मावशीच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज कायमचा गेला. आता ती पाटीवर लिहून बोलायची. ऑपरेशनआधी तिने एका केंद्रात चार दिवस बसून शेकडो शब्द, वाक्यं रेकॉर्ड केली होती. ती फाइल मिळाली की एक छोटं यंत्र तिच्याच आवाजात बोलणार होतं. लिंक मात्र आज पाचपर्यंतच चालणार होती. त्यानंतर केंद्र रेकॉर्डिंग पुसून टाकणार होतं, आणि तिथला फोन सकाळपासून कुणी उचलत नव्हतं.

आता अडीच वाजले होते.

कालच कॉम्प्युटरवर नवं अपडेट टाकून गेलेल्या दुरुस्तीवाल्या काकांना ताईने फोन लावला.

"फाइलच खराब आहे, बाळ," ते म्हणाले. "अपडेट मी स्वतः टाकलंय, कॉम्प्युटर एकदम ठणठणीत आहे. तो नाद सोडा." आणि फोन बंद.

मावशीने पाटीवर लिहिलं, 'असू दे.' मग ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. मनी दाराकडे बघत राहिली.

"ठणठणीत म्हणे," गुंड्या पुटपुटला. "न बघताच कळलं यांना."

"मग आपण बघू," ताई म्हणाली. "आधी दुसरं काहीतरी उतरवून बघ. अगदी छोटं."

गुंड्याने मांजराचं एक चित्र उतरवायला घेतलं. डाउनलोड अयशस्वी.

"म्हणजे मांजरही खराब?"

"म्हणजे मावशीची फाइल खराब नाही," ताई म्हणाली. "नेट बदलून बघू."

त्यांनी मावशीच्या फोनचं नेट जोडलं. तेच. दुसरा ब्राउझर उघडला. तेच. जागा संपली असेल म्हणून पाहिलं, तर अर्धी डिस्क रिकामी होती. साडेतीन वाजले. गुंड्याचे विनोदही आटले.

मनी हळूच म्हणाली, "सगळं एकाच फोल्डरमध्ये जातंय ना? तिथेच काही ठेवता येत नसेल तर?"

ताईने डाउनलोडची जागा बदलून डेस्कटॉप केली आणि मांजर पुन्हा मागवलं. पडद्यावर मांजर उमटलं.

ताईने लगेच मावशीची फाइल सुरू केली. आकडा मुंगीच्या पावलाने चढू लागला. चारला एकवीस टक्के. साडेचारला त्रेसष्ट. मनी नखं खात बसली होती. पाचला चार मिनिटं कमी असताना फाइल पूर्ण उतरली.

ताईने काकांना पुन्हा फोन केला. या वेळी ते आले, खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी सेटिंग उघडली.

"अपडेटने सुरक्षेचं एक कुलूप आपोआप चालू केलंय," ते म्हणाले. "डाउनलोडच्या फोल्डरमध्ये ब्राउझरला काही ठेवायची मनाई झाली होती. तशी सूचना येते, पण कटकट नको म्हणून सूचना मीच बंद केल्या होत्या." त्यांनी मान खाली घातली. "चूक माझी. न बघता बोललो. तुम्ही मात्र एकेक गोष्ट तपासत गेलात. माझ्यापेक्षा शहाणी आहात पोरांनो."

मावशी दारात येऊन उभी होती. तिने खूण केली, लाव.

ताईने रेकॉर्डिंगचा शेवटचा तुकडा लावला. मावशीचा जुना, भरदार आवाज खोलीत आला. "पाणी. दार. थांब." मग थोडी खरखर, आणि ती कुणाला तरी म्हणत होती, "यादी संपली, पण आणखी एक शब्द घ्या. घरी दिवसातून पन्नासदा लागतो."

मग हाक आली, "मने, ए मने."

मावशीने डोळ्यांना पदर लावला.

"ओ, आई," मनी म्हणाली.