पॅनकेक की डिकन?

ओट्सची बादली घेऊन मार्नी वळली ती थेट एका उंच तरुणावर आदळली. निम्मे ओट्स त्याच्या बुटांत गेले. बूट झटकत त्याने विचारलं, यातला सगळ्यात गरीब घोडा कुठला? तो आपल्या वाट्याला येऊ नये, एवढीच त्याची इच्छा होती.

तो ब्रॉडी, स्पर्धेतला स्वार. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या रोडिओंना, म्हणजे उसळत्या घोड्यावर ठरलेले सेकंद टिकून राहायच्या स्पर्धांना, घोडे पुरवायचे ते मार्नीचे वडील. स्वाराला घोडा चिठ्ठीने मिळतो. गुणांतले अर्धे स्वाराचे, अर्धे घोड्याच्या उसळीचे. त्यामुळे हरलेल्याला दोष द्यायला घोडा कायम हजर! ब्रॉडी त्यात तरबेज होता. उन्हाळाभर दर शनिवारी नवं गाव, नवा घोडा आणि तीच रड. मार्नी त्याला यथेच्छ चिडवायची... आणि पुढच्या शनिवारची वाट बघायची. ती प्रेमात पडली होती, आणि हे त्याला सोडून सगळ्यांना कळलं होतं.

मोसमातला शेवटचा रोडिओ आला. पहिल्या तिघांत आला, तर ब्रॉडी पुढच्या वर्षीही फिरणार होता. नाहीतर नेब्रास्कात भावाच्या गॅरेजमध्ये रुजू होणार होता. तसा शब्दच दिला होता त्याने. आणि नेमका वाट्याला आला पॅनकेक, सगळ्यात थंड घोडा. ब्रॉडी शेवटपर्यंत टिकला, कसाबसा तिसरा आला.

पण पंचांनी नियमाप्रमाणे विचारलं: घोडा नीट उसळला नाही, दुसरा हवा का? मात्र मग हे गुण जातील. दुसरा म्हणजे डिकन. त्याने वर्षभरात कुणालाच पाठीवर टिकू दिलं नव्हतं.

ब्रॉडीने कठड्यावर बसलेल्या मार्नीकडे पाहिलं. तिने नुसती नकारार्थी मान हलवली असती, तरी पुढचे सगळे शनिवार तिचे होते. ओठांवर आलेला शब्द तिने गिळला आणि तोंड फिरवलं.

त्याने डिकन मागितला. दोन उसळ्यांतच तो धुळीत आपटला आणि हललाच नाही. मार्नी कठड्यावरून उडी टाकून धावली. जाऊन बघते, तर हा पठ्ठ्या आभाळाकडे बघत हसत होता.

"घोडा झकास होता गं," तो म्हणाला. "पडलो तो मीच."

"आणि त्याचा एवढा आनंद?" तिचा जीव भांड्यात पडला होता, तरी डोळे भरून आले.

"पॅनकेकवर तिसरा आलो असतो, तरी कुरकुरतच राहिलो असतो. यंदा पहिल्यांदाच कुणावर चिडायचं नाहीये. किती हलकं वाटतंय... पण तू तोंड का फिरवलंस?"

"मी नको म्हटलं असतं आणि तू ऐकलं असतंस, तर जन्मभर माझ्या नावाने रडला असतास."

त्याने तोंडावरची धूळ पुसली. मग हळूच म्हणाला, "नेब्रास्का लांब आहे, मार्नी."

"हिवाळ्यात घोड्यांना सुट्टी असते. येईन मी."

"मी बोलावलं नाही तर?"

"तरी येईन. मला आवडतोस तू. चिठ्ठीत नाही आलास माझ्या वाट्याला... मी निवडलंय तुला."

मैदान मोकळं करा, म्हणून पंच ओरडत होते. तिने उठायला हात दिला, पण ब्रॉडीने तिलाच खाली धुळीत ओढलं. "आधी मलाही काहीतरी सांगायचंय," तो म्हणाला.