भट्टीतली आगारी

खर्र... ठण्. फावडं लोखंडावर घासायचं, मग भट्टीचं दार आपटायचं. लहानपणी हा आवाज ऐकतच मला झोप लागे. माझे वडील झुलालआबा चोपड्याजवळच्या जिनिंगमध्ये बॉयलरला आग घालायचे. त्या भट्टीपुढेच एक दिवस बसल्या बसल्या गेले.

आता त्याच जागेवर कापसाच्या पऱ्हाटीचा भुसा जाळणारा नवा प्लँट आहे. त्याच्या वाफेवर केळीची भुकटी वाळते नि वीजही होते. जशी गरज, तशी वाफ वळवतात. मी तिथे राखणीला असतो.

यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दुपारी, डबा घेऊन भट्टीपाशी गेलो. घरी गॅस आला. पितरांना आगीत घास द्यायचा, त्या आगारीला निखारा कुठून आणायचा? सांजोरी नि तूप भट्टीतच सोडलं. "आबा, जेवाले या," म्हटलं.

ऑपरेटर धनसिंग हसला. "नाना, बापले सांगा, जेवीसन दोन फावडा भुसा बी टाका!"

"टाकतीन," मी म्हणालो.

हात धुतो न धुतो तोच वावटळ उठली. भरदुपारी अंधारलं. खांब पडले, गावाची वीज गेली. दवाखान्यात माझी सून पुनम होती, आणि दिवस भरायच्या आधीच झालेली तिची पोरगी काचेच्या पेटीत होती. पेटीची ऊब विजेवर. तिथलं जनरेटर सुरू होईना, असा फोन आला.

धनसिंगनं भुकटीची वाफ तोडली, सगळी विजेकडे वळवली. जमिनीखालून दवाखान्याला गेलेल्या आमच्या लाइनीवर दवाखाना उजळला. आणि तेवढ्यात भुसा वाहणारा पट्टा अडकला.

सगळे पट्ट्याकडे धावले. भट्टीपुढे मी एकटा. वाफेचा काटा उतरत होता. दिवे पिवळे झाले... मग तांबूस. फावड्याकडे हात नेला. ते जागेवर नव्हतं.

खर्र... ठण्.

कोणी दिसेना. विडीचा नि घामाचा वास मात्र ओळखीचा. भट्टीचं दार उघडत होतं, मिटत होतं.

"आबा..." मी हळूच म्हटलं. "तुमनी पणती शे ती... थांबू नका."

फावडं थांबलं नाही. आग गरजली. काटा चढला, चढतच गेला. दिवे पांढरेशुभ्र झाले.

"नाना, काटा चढना!" पट्ट्यावरून धनसिंग ओरडला. "जितनूत आपण!"

पट्टा तर अजून अडकलेलाच होता. मी भिऊन रडत होतो की आनंदानं, कुणास ठाऊक.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. पोरगी हातपाय झाडत होती. "आवाज ऐका तिचा, नाना," पुनम म्हणाली, "बठ्ठा दवाखाना डोक्यावर घेतलाय!"

मी वाकून पाहिलं. पोरीच्या कपाळावर काळी तीट होती.

"ही कोणी लावली?"

"इथं कुणाला हात लावू देतो का आम्ही?" नर्स मृणाली म्हणाली. तिनं पेटी उघडून तीट पुसली. कापसाला धुराचा वास येत होता. पेटी तिनं पुन्हा नीट लावली.

आम्ही बघत असतानाच कपाळावर काळं उमटू लागलं... हळूहळू, अंगठा दाबल्यासारखं. पोरगी खुदकन हसली.

मृणालीनं पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हातातला कापूस टाकून दिला.