मांजराच्या शेपटीखाली

"लायनीत या! ठेंगू पुढे, लांबटांगे मागे," वर्गातला आस्गर म्हणाला. "तिल्दे, तुझा नंबर येईपर्यंत पिंप टिकलं तर मिळवली."

हिवाळी सुट्टीचा पहिला दिवस, पिंप फोडण्याच्या सणाचा; मुलं वेष करून आली होती आणि पालक भोवती उभे होते. शाळेच्या व्यायामशाळेत चॉकलेटांनी भरलेलं लाकडी पिंप दोरीला टांगलं होतं. त्यावर काळं मांजर रंगवलेलं. प्रत्येकाने काठीचा एक फटका द्यायचा. ज्याच्या फटक्याने पिंप फुटेल, तो मांजरांचा राजा किंवा राणी.

तिल्दे समुद्री चाच्याच्या वेषात आली होती. सकाळी डोक्याला रुमाल बांधताना बाबा कानात म्हणाले होते, "शेपटीवर मार. लोनेचा पोरगा जिंकता कामा नये."

पालक समितीच्या निवडणुकीत लोनेने बाबांना हरवलं होतं. तेव्हापासून घरात दुसरा विषयच नव्हता. लोनेचा मुलगा विलास वर्गात सगळ्यांच्या टोमण्यांचा धनी. सगळ्यांच्या म्हणजे तिल्देच्यासुद्धा.

तिसऱ्याच फटक्याला शेपटीखालून तपकिरी मेणाचा तुकडा गळला. आत फळी अर्धी करवतलेली होती!

"विलास!" आस्गर म्हणाला. "पिंप आठवडाभर याच्याच घरी होतं की."

"त्यानेच केलं," तिल्देही बोलून गेली. सवयच होती तिला.

"मांजर आईने रंगवलं. मी फक्त ब्रश धुऊन वाळवले," विलास पुटपुटला.

"माझ्या मुलाने हातही लावलेला नाही," लोने म्हणाली.

"मग फळी काय उंदराने कुरतडली?" बाबा हसले.

मुख्याध्यापिका बेन्तेबाईंनी सुस्कारा सोडला. "विलास, तू लायनीतून बाहेर ये. आज तुला खेळता येणार नाही."

विलास मुकाट्याने बाहेर आला. तिल्देने पायाशी पडलेला मेणाचा तुकडा उचलून हुंगला. हाच वास सकाळी बाबांच्या बोटांना होता. जुन्या खुर्च्यांच्या भेगा ते याच मेणाने बुजवायचे. आणि काल पिंप गाडीतून इथे आणलं कोणी? बाबांनीच.

गप्प राहिलं तर कोणालाच कळणार नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "शेपटीवरच मार, असं तुम्ही का सांगितलंत?"

बाबांचे कान लालबुंद झाले. "चुकलं माझं, लोने," ते म्हणाले. "विलास, तुझी माफी मागतो."

"शाबास, तिल्दे," बेन्तेबाईंनी तिची पाठ थोपटली. "आपल्या बाबांबद्दल खरं बोलायला हिंमत लागते."

लोनेनेही मान डोलावली. टाळ्या वाजल्या. तिल्देला त्या नकोशा झाल्या.

विलास तिच्याजवळ आला. "बाबांचं सांगितलंस," तो हळूच म्हणाला. "आणि माझे बूट?"

नोव्हेंबरात तो नुसत्या मोज्यांवर बर्फातून घरी गेला होता. तिल्दे खिडकीतून बघून हसली होती.

"बेन्तेबाई," ती म्हणाली, "विलासचे बूट मी लपवले होते."

ती कोपऱ्यातल्या गाद्यांमागे शिरली आणि धुळीने माखलेले निळे बूट घेऊन आली. विलासने तिथेच बसून एक पायात घालून पाहिला.

टाच आत गेली नाही. बूट आता त्याला लहान झाला होता.