चार शर्ट आणि एक नकार

लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या त्या माणसाची बाही दारात अडकून टर्रकन फाटली आणि तो समोरच्या शिवणाच्या दुकानात शिरला. तोंडात टाचण्या धरून बसलेल्या मुलीने वर पाहिलं... आणि झालं! पोरगी कितीही हुशार असली तरी छाती काही तिला विचारून धडधडत नाही.

"नवाच शर्ट शिवून टाका. घ्या माप," तो म्हणाला.

"पुरुषांची मापं माझे काका घेतात," ती म्हणाली.

काकांनी घेतली, अगदी गुदगुल्या होईपर्यंत घेतली. तरी गड्याने तीन महिन्यांत चार शर्ट शिवून घेतले. दुकान बंद झालं की दोघं कोपऱ्यावरच्या बाकावर बोलत बसायची. अहो-जाहो कधीच गळून पडलं होतं.

चौथा शर्ट नेताना तो हळूच म्हणाला, "शनिवार-रविवार तळ्याकाठी जाऊ या? मित्राचं घर रिकामं आहे... आपण दोघंच."

तिला जावंसं वाटलं. खोटं कशाला बोला, फार वाटलं.

"नाही. रविवारी सकाळी मी चर्चमध्ये असते. आणि लग्नाआधी कुणाबरोबर मुक्कामाला जायचं नाही, हे मी प्रभूपुढे ठरवलंय."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे रे — माझ्यावर नाही!"

तो हसला नाही. शर्ट उचलून निघून गेला.

आठ दिवस फिरकला नाही. "जरा नरमाईनं घ्यायचंस," काका म्हणाले.

"नरमाईनं घेतलं असतं ना काका, तर गेले असते मी."

तिने त्या दिवशी एका कोटाची बाही उलटी जोडली. रडूही आलं. पण दिलेला नकार मागे घ्यावासा वाटला नाही.

नवव्या दिवशी तो आला. "रागावलो होतो. मग वाटलं, ही मला गमवायला तयार झाली, पण फसवायला नाही. तुझं सगळं मान्य. फक्त... माझीही एक अट आहे."

तिने हातातली कात्री बाजूला ठेवली.

"मला चर्चला बोलावू नकोस. लहानपणी आईबरोबर जायचो, मग सुटलं. आता तुझ्या ओढीनं येऊन बसलो, तर तुलाही फसवीन आणि देवालाही. येईन तेव्हा त्याच्यासाठी येईन."

तो चर्चलाही यायला कबूल होईल, अशी आस तिने आठवडाभर धरली होती. त्याने मात्र खरं तेच सांगितलं, आणि तिला तो आणखीच आवडला.

"मग तोवर लग्नाचा विषय नाही," ती म्हणाली.

"लग्नाचं कुणी काढलं?"

"आत्ता मीच की!" तिचे कान लाल झाले, पण नजर काही तिने खाली वळवली नाही. "तू तुझ्या पावलांनी ये. मी थांबेन."