माच बदलायची वेळ

लाकूड कधी बदलायचं हे उदाराम मिस्त्रीला कुणी सांगायची गरज नव्हती. स्क्रू पिळायचा पेचकस टोचायचा. पातं नखभर आत गेलं तर अजून दोन पावसाळे निघतात, बोटभर गेलं तर उपटून टाका. चाळीस वर्षं याच मापाने त्याने पार सालेकशापर्यंत लोकांची दारं-छपरं बसवली होती आणि वेळ आली तेव्हा पाडलीही होती. दुधरामचा निरोप आला तेव्हा पेचकस, हातोडी आणि टॉर्च पिशवीत टाकून त्याने सायकलला टांग मारली. अर्ध्या तासाचं काम, असं त्याला वाटलं.

दुधरामचं घर नागझिरा अभयारण्याच्या फाटकाजवळ. पर्यटकांसाठी दोन खोल्या काढलेल्या. घर उंच जोत्यावर आणि मागचं आवार तीन हात खाली, म्हणून मागे खांबांवर लाकडी माच उभा केला होता, भिंतीपासून वीतभर सुटा. दुधरामचा मुलगा प्रफुल गाईड होता, तो त्याला ऐटीत डेक म्हणायचा. सात वर्षांपूर्वी त्याच्याच हट्टापायी उदारामने तो बांधून दिला. पर्यटक आठवड्यावर आलेले, म्हणून खांबांना सिमेंट न घालता, जळकं ऑईल फासून, ते सरळ मातीत गाडले. चूक होती ती, आणि ती मिस्त्रीला तेव्हाही कळत होती. पुढे प्रफुल धुक्यात मोटरसायकलच्या अपघातात गेला, त्यालाही आता दोन वर्षं झाली होती.

"पाहून सांग, भाऊ," दुधराम म्हणाला. "दिवाळीनंतर गिऱ्हाईक येतीन. मी म्हनतो बदलून टाकू. पन प्रफुलची माय आयकून नाई राहिली."

प्रफुलची माय, नंदाबाई, माचावरच सुपात तांदूळ निवडत बसली होती. सफारीवरून येणाऱ्या पोराची वाट पाहायची तिची ही जागा. तो गेल्यावरही तिने ती सोडली नव्हती. चार वाजले की सूप घेऊन ती इथे येई आणि दिवेलागणीलाच उठे.

"कायले बदलता?" वर न पाहता ती म्हणाली. "हालून राहिला का? करकरून राहिला का?"

दुधरामने कपाळाला हात लावला आणि चहा टाकायला तो आत गेला.

उदाराम माचावर चढला. टाचेने जोर देऊन पाहिला. हलत नव्हता, करकरतही नव्हता. सात पावसाळे खाल्लेलं लाकूड इतकं गप्प कसं, हे त्याला खटकलं. त्याने फळीत पेचकस टोचला. पातं मुठीपर्यंत आत गेलं आणि निघताना भुसा घेऊन आलं. दुसऱ्या फळीचीही तीच गत. वाळवीने सगळं आतून चाटून नेलं होतं, आणि तरी पायाखाली तो माच दगडासारखा घट्ट होता.

तो खाली उतरला, कमरेत वाकून माचाखाली शिरला आणि टॉर्च लावली.

पहिल्या खांबाला हात लावला तर तो हातातच आला. दुसरा जमिनीच्या वीतभर वरच संपला होता, नुसता लोंबत होता. तिसऱ्याच्या जागी वाळवीची माती तेवढी उरली होती. त्याने सहाही खांब पाहिले. डोक्यावर माच होता, माचावर बाई होती, आणि खाली आधार म्हणून काही नव्हतं.

निघावं, असं मनात येत असतानाच त्याने उजेड मधोमध फिरवला.

तिथे मातीत दोन पावलं होती.

अनवाणी, पुरुषाची, बोटं रुतवलेली, घोटाभर खोल. नुसते ठसे; येणारं पाऊल नव्हतं की जाणारं. त्यांच्या बरोबर वर, खांद्याच्या रुंदीएवढी फळी घासून गुळगुळीत झाली होती. उदारामने तिथे हात लावला. फळी ओली होती. हात नाकाशी नेला, तर घामाचा वास.

वर नंदाबाईने मांडी बदलली. त्याच्या डोळ्यांदेखत ती पावलं अजून थोडी रुतली.

तो मागच्या मागे सरकत बाहेर आला.

"दिसला?" नंदाबाईने विचारलं.

"पायाचे ठसेच दिसले, बाई."

"मले मालूम आहे. खालून ऊब येते. जवळ बसला असते तो माह्या."

ती हसली. दोन वर्षांत कुणी तिला हसताना पाहिलं नव्हतं. आता बोलावं की नाही, उदारामला कळेना. पण खांब त्याने गाडले होते आणि त्यांचा भार दुसराच कुणी वाहत होता, हे त्याच्याने गिळवेना.

"बसला नाई तो," तो म्हणाला. "तो तुले उचलून उभा आहे. घोट्यापर्यंत मातीत गेले त्याचे पाय. थकला असन, बाई."

नंदाबाईचा हात सुपातच राहिला. पोरगा आपल्या सोबतीला येतो, एवढंच तिने धरलं होतं. आपण रोज त्याच्या पाठीवर येऊन बसतो, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. सूप तिथेच ठेवून, जोत्याची एकेक पायरी चाचपत ती खाली उतरली आणि माचाच्या कडेवर तिने हात ठेवला.

"ठेव, बाबू," ती म्हणाली. "मी उतरली. ठेव आता खाली."

माच कोसळला नाही.

आधी डावा कोपरा खाली आला. मग उजवा. पाठीवरचं पोतं उतरवताना माणूस एक गुडघा टेकतो, तसा. सुपातला दाणा सांडला नाही. शेवटी सगळ्या फळ्या जमिनीला टेकल्या आणि थोडी धूळ उडाली.

नंदाबाईने पदराने डोळे पुसले. "सुटलं माह्यं लेकरू," ती म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. "भाऊ, तो निघाला ना बाहेर?"

उदारामने माचाभोवती फेरी मारली. चारी कडा जमिनीला चिकटल्या होत्या, बोट शिरायलाही फट नव्हती. आवार दुपारीच सारवलेलं, अजून ओलसर. त्यावर त्याच्या चपलांचे ठसे होते आणि नंदाबाईचे. तिसरे कुणाचे नव्हते.

"निघाला, बाई," तो म्हणाला.

ती दुधरामला सांगायला घरात गेली. उदाराम तिथेच उभा राहिला.

मधली फळी हळूच बोटभर वर आली. क्षणभर तशीच थरथरत राहिली, आणि परत खाली बसली.