पुष्करचा डावा हात

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. नंतर हसलात तर मी उठून जाईन. पुष्करला मी चांगला ओळखतो. खासगी बाजार नावाच्या पेठेत दुकान आहे त्याचं, काचेच्या व्हॉल्व्हवाले जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. थापा मारायचं काम त्याचं नाही, ते माझं.

गेल्या नोव्हेंबरची एकोणीस तारीख. बुधवार, रात्रीचे साडेनऊ. कंपू भागातल्या शालिनीताईंकडे तो बायस लावायला गेला. म्हणजे गाणं बंद असताना व्हॉल्व्हमधून किती करंट वाहावा, ते मीटरवर बघत स्क्रू फिरवून ठरवायचं. दिवसा व्होल्टेज नाचतं, म्हणून हे काम तो रात्रीच घेतो.

मशीन ताईंच्या यजमानांचं, जयसिंहरावांचं. वर्षापूर्वी त्याच्यावरच काम करताना शॉक लागून गेले. तेव्हापासून मशीन बंद. चाळीस वर्षं हेच केलेला माणूस चुकेल कसा? लोक म्हणाले, मुद्दाम केलं. ताईंना तेच आतून खात होतं.

"गलतीने होऊ शकतं का रे हे?" त्यांनी दारातूनच विचारलं. "बस, इतकंच सांग मला."

पुष्करने डावा हात खिशात घातला. या धंद्याची रीतच आहे, एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे शॉक बसला तरी छातीतून जात नाही. उजव्या हाताने स्क्रू फिरवला. काटा हलेना. एक व्हॉल्व्ह लाल व्हायला लागला. स्क्रू सैल होता. त्याने स्विच बंद केला, प्लग काढला आणि पाच मिनिटं थांबला. तेवढ्यात कंडेन्सरमध्ये साठलेली वीज आपोआप उतरते.

आता स्क्रूखालची पट्टी धरून तो आवळायला दोन्ही हात लागणार होते.

तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला.

"खाली..."

प्लग टेबलावर पडलेला.

पुष्कर मराठी माणूस. त्याला वाटलं, स्क्रू खाली घ्यायला सांगतंय कोणी. तो वाकला. डावा हात काढायला लागला...

हात निघेना.

मनगट धरलं होतं. खिशाच्या आत.

"खाली... कर..."

तेव्हा कुठे त्याला उमगलं. जयसिंहराव कामावर हिंदीच बोलायचे. खाली म्हणजे रिकामं! त्याने लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर कंडेन्सरच्या दोन्ही टोकांना टेकवला.

कडाड...

निळी ठिणगी. सगळी खोली उजळली.

मग मनगट सुटलं.

बॅटरीच्या उजेडात हलवून पाहिलं, तर वीज उतरवणाऱ्या रेझिस्टरचा पाय आतून तुटलेला. बाहेरून दिसूच नये असा.

"ताई," पुष्कर म्हणाला, "त्यांनी मुद्दाम नाही केलं. प्लग काढूनसुद्धा हे भरलेलंच राहायचं. कोणालाही कळलं नसतं."

ताई भिंतीला टेकून बसल्या. वर्षभरात पहिल्यांदा मोकळेपणाने रडल्या.

पुष्करच्या मनगटावर चार बोटांचे वळ आहेत. डॉक्टर म्हणतात, भाजल्याचे आहेत. मी हात लावून पाहिलाय...

बर्फासारखे गार आहेत.