गुळव्याचं हरवलेलं नाक

गंध्या उलटून बोलला आणि सगळं गुऱ्हाळ जागच्या जागी थिजलं.

"पाक करपतोय. आत्ताच्या आत्ता काहील उतरवा!"

गंध्या म्हणजे काहिलीवर (उसाचा रस आटवायची मोठी पसरट कढई) टांगलेलं पोलादी यंत्रनाक. तीन हंगाम त्यानं एकाच माणसाकडून विद्या घेतली होती. तो माणूस म्हणजे मृण्मयीचे पप्पा, पन्हाळ्याच्या पायथ्याचे नावाजलेले गुळव्या (पाक पारखून गूळ करणारा मुख्य कारागीर) संग्राम. पप्पा वास घेऊन सांगायचे आणि गंध्या त्या क्षणाची हवा आणि त्यांचे शब्द दोन्ही साठवून ठेवायचा. आता तोच शिष्य गुरूची चूक काढत होता. मग बिघडलं होतं कोण?

"यंत्राचं डोस्कं फिरलंय," पप्पा फटकन म्हणाले. "उद्याच परत पाठवतो त्याला."

सुट्टी म्हणून गुऱ्हाळावर आलेल्या मृण्मयीला करपट वास स्वच्छ येत होता. तिनं काहिलीखालच्या चुलवाणात उसाची वाळकी चिपाडं सारणाऱ्या तुकाकाकांकडे पाहिलं, तर त्यांनी मान खाली घातली. वास त्यांनाही येत होता! पण पाकाबद्दल बोलायचं ते फक्त गुळव्यानं, बाकीच्यांनी तोंडाला कुलूप घालायचं, असा गुऱ्हाळाचा दंडक होता. एवढी मोठी माणसं एका दंडकापायी गूळ जळताना बघत उभी होती.

गूळ थोडा निवल्यावर मृण्मयीनं एक खडा तोंडात टाकला. धुरकट, जळका! तोच गूळ पप्पांनी चाखला आणि म्हणाले, "ग्वाड तर हाय की."

तिनं आणखी एक खडा चाखून पाहिला. जळकाच!

दुपारी घरी आल्यावर तिनं खेळ काढला. "पप्पा, डोळे मिटा. वास ओळखायचा." तिनं हिंगाची डबी उघडून थेट त्यांच्या नाकाखाली धरली आणि वाट पाहिली.

"आता धर की गं," पप्पा डोळे मिटूनच म्हणाले. "किती येळ?"

मृण्मयीच्या हातून डबी निसटली. पप्पांनी डोळे उघडले, सदऱ्यावर सांडलेला हिंग पाहिला आणि मटकन खाली बसले.

"दिवाळीतल्या तापापासनं असं झालंय," ते हळूच म्हणाले. "वाटलं, येईल परत. डोळ्यानं बघून, पाण्यात पाकाची गोळी वळून दिवस ढकलत होतो. नाक नसलेल्या गुळव्याला काहिलीवर कोण उभं करील?"

मृण्मयीला रडू आलं आणि रागही आला. खरं बोलणाऱ्या गंध्याला त्यांनी वेड्यात काढलं होतं!

दुसऱ्या दिवशी दोघं कोल्हापूरला डॉ. रुबिना मुजावर यांच्याकडे गेले.

"मग पप्पांना गूळ गोड कसा लागला?" मृण्मयीनं पहिलाच प्रश्न टाकला.

"नाक चिमटीत धर आणि ही बडीशेप चाव."

नुसता गोडसर चोथा! चिमटी सोडली मात्र, बडीशेप घमकन नाकात शिरली. मृण्मयी खुर्चीतून उडालीच.

"जिभेला गोड, खारट, आंबट, कडू असं मोजकंच कळतं," डॉक्टर हसल्या. "बाकीची चव म्हणजे घशामागून नाकात चढलेला वास. नाकात अगदी वर, छताला, टपालाच्या तिकिटाएवढा गंधपटल (वास टिपणारा पातळ पडदा) असतो. त्यातल्या पेशींचे धागे चाळणीसारख्या हाडातून वर गंधकंदात (मेंदूतलं वास ओळखणारं पहिलं ठाणं) जातात. तापाच्या विषाणूनं तुझ्या पप्पांचा हा पडदा उजाड केलाय."

"म्हंजे संपलं?" पप्पांचा आवाज चिरकला.

"नाही हो! या पेशी जन्मभर नव्यानं उगवतात. पण नव्या धाग्यांना वाट सापडावी लागते. नाकात सूज किंवा मांसल गाठ असती, तर फवारा किंवा शस्त्रक्रिया केली असती. तुम्हाला गंधसराव करायचाय. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. रोज सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वास वीस सेकंद, आणि हुंगताना तो वास मनात आठवायचा. महिनोन्महिने. खात्री देत नाही, पण बऱ्याच जणांना फायदा होतो. मेंदूला थेट संदेश देणाऱ्या कृत्रिम नाकाच्या चाचण्या चालल्या आहेत, पण त्याला अवकाश आहे."

गुऱ्हाळावर परतल्यावर पप्पांनी सगळ्यांसमोर खरं सांगितलं. तुकाकाकांच्या हातातलं चिपाड तसंच राहिलं. मग पप्पा यंत्राकडे वळले. "गंध्या, माझंच चुकलं. हंगाम संपस्तवर तू सांगशील तवाच काहील उतरणार. आणि तुकाराम, करपट वास आला तर तूबी बोलायचं."

सराव सुरू झाला. आठवणीची जबाबदारी गंध्यानं उचलली. पप्पांनी तीन हंगामांत वासांबद्दल काढलेले उद्गार तो त्यांना ऐकवी. "लवंगेबद्दल तुम्ही म्हणाला होता, आईनं दुखऱ्या दाढेत धरायला दिलेली." पप्पा डोळे मिटून हुंगत. चार महिने काहीही नाही. मृण्मयी मनातून खचत चालली होती.

पाचव्या महिन्यात एका सकाळी पप्पांनी सरावाची लवंगतेलाची बाटली नाकाशी नेली आणि किंचाळून भिरकावली.

"जळका टायर! शी! कुणी काय घातलंय यात?"

मृण्मयीनं बाटली हुंगली. साधी लवंगच होती. आता हे काय नवीन? तिनं घाबरून डॉक्टरांना फोन लावला.

पलीकडून टाळीचाच आवाज आला. "अगं, धागे पोचले! अजून भलत्याच दारावर थाप मारताहेत, म्हणून वास उलटासुलटा येतोय. याला गंधविपर्यास (एका वासाच्या जागी दुसराच वास येणं) म्हणतात. किती दिवस लागतील सांगता येत नाही, पण सराव सोडू नका."

पप्पा फोनला कान लावून ऐकत होते. मग त्यांनी बाटली उचलून पुन्हा नाकाला लावली आणि तोंड वेडंवाकडं केलं. गालांवरून पाणी ओघळत होतं.

"काय घाण वास येतोय गं," ते म्हणाले आणि आणखी एकदा खोल हुंगले.